उडी मारून उतरताना लक्ष कुठे हवं

सातारा-सांगलीकडच्या कुठल्याही व्हॉलीबॉल मैदानावर एक हाक हमखास ऐकू येते: "गुडघे वाकव!" सूचना खोटी नाही. पण ती ऐकली की खेळाडू स्वतःच्या गुडघ्याचाच विचार करू लागतो, आणि शरीर आपोआप जे छान करत असतं त्यात ढवळाढवळ होऊन तो ताठ उतरतो. लक्ष शरीराबाहेरच्या गोष्टीवर असेल, म्हणजे रेघ, आवाज किंवा खांब, तर बहुतेकांचा गुडघा जास्त वाकतो आणि जमिनीचा दणका कमी बसतो.

यात वेळेचं गणित महत्त्वाचं आहे. कुणाचा धक्का न लागता गुडघ्यातलं एसीएल लिगामेंट (मांडीचं आणि नडगीचं हाड आतून बांधून ठेवणारा पट्टा) तुटतं, ते बहुधा पाय टेकल्यावर साधारण ४० ते ५० मिलिसेकंदांत. ठरवून सावरायला मात्र १५० मिलिसेकंदांहून जास्त लागतात. त्यामुळे मांडीचे मागचे स्नायू पाय हवेत असतानाच आवळलेले हवेत, आणि हे काम सवयीनेच होतं. मुलींमध्ये ही दुखापत त्याच खेळातल्या मुलांपेक्षा जास्त होते, म्हणून मुलींच्या संघात हा सराव वगळू नका.

आधी तपासणी करा. ३० सेंमी उंचीचा भक्कम लाकडी बॉक्स घ्या; शाळेच्या दोन पायऱ्या साधारण तेवढ्याच भरतात. प्लॅस्टिकचं स्टूल नको, ते सरकतं. बॉक्सपासून खेळाडूच्या निम्म्या उंचीएवढ्या अंतरावर फक्कीची रेघ मारा. १६४ सेंमीच्या मुलीसाठी ८२ सेंमी. तिने बॉक्सवरून रेघेच्या पलीकडे दोन्ही पायांवर उतरायचं आणि लगेच जमेल तेवढी उंच उडी मारायची. असं तीनदा. समोरून आणि बाजूने मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करा आणि तोवर एकही सूचना देऊ नका. गुडघा अंगठ्याच्या आत झुकतो का, टाच आधी टेकते का, एक पाय आधी पडतो का, धड एका बाजूला कलतं का, हे पाहा. गुडघा आत झुकणं सगळ्यांत धोक्याचं.

मग सूचना बदला, आणि एका वेळी एकच द्या. "आवाज न करता उतर" ही सुरुवातीला सगळ्यांत चांगली. गुडघा आत पडत असेल तर दोन्ही गुडघ्यांवर पुढच्या बाजूला रंगीत चिकटपट्टी लावा आणि म्हणा, "पट्ट्या समोरच्या दोन खांबांकडे राहू देत." धड ताठ राहत असेल तर "मागे खुर्ची आहे, तिच्यावर टेक" पुरतं. प्रत्येक उडीनंतर बोलू नका. तीन-चार उड्यांनंतर तिचंच चित्रण तिला दाखवा आणि काय दिसलं ते तिलाच विचारा.

आवाजाच्या सूचनेत दोन पळवाटा आहेत. एक, खेळाडू उडीच कमी मारतो. म्हणून वर चेंडू टांगून त्याला हात लावायला सांगा. दुसरी, तो टाच टेकवतच नाही आणि सगळा भार पोटरीवर घेतो. चवडा आधी, लगेच टाच, असा क्रम हवा. फार खोल बसणंही बरं नव्हे, विशेषतः गुडघ्याच्या वाटीभोवती दुखत असेल तर. धड थोडं पुढे झुकलं की भार नितंबांच्या मोठ्या स्नायूंवर जातो.

खरी परीक्षा पुढे आहे. सामन्यात लक्ष चेंडूवर, किंवा कबड्डीत चढाई करणाऱ्याच्या पायावर असतं, आणि लक्ष विभागलं की अनेकांचा गुडघा पुन्हा आत पडतो. म्हणून साधी उडी दोन-तीन आठवडे नीट जमल्यावर हवेत असतानाच चेंडू फेका, किंवा उतरता उतरता "डावीकडे", "उजवीकडे" ओरडा. उजव्या हाताने स्मॅश मारणारा अनेकदा एकट्या डाव्या पायावर उतरतो. त्याला एका पायाचं उतरणं वेगळं शिकवा, तेही आधी १५ सेंमीवरून. चित्रणात बिघाड दिसला की फेकणं थांबवून एक पायरी मागे या.

आठवड्यातून दोन-तीन दिवस, सरावाआधी, ताज्या अंगाने करा: एका सूचनेसाठी ५ उड्यांचे ३ सेट, मध्ये मिनिटभर विश्रांती; दोन सूचनांच्या मिळून ३० उड्या पुरेत. निदान सहा ते आठ आठवडे सलग. ताकदीला मात्र पर्याय नाही. तालमीतल्या बैठकांनी मांडीचा पुढचा भाग तयार होतो. मागच्या भागासाठी नॉर्डिक व्यायाम जोडा, त्यात जोडीदार घोटे धरतो आणि खेळाडू गुडघ्यांवरून हळूहळू पुढे झुकतो.

काळ्या मातीचं मैदान उन्हाळ्यात दगडासारखं कडक होतं आणि पावसात पाय धरून ठेवतं. कोरड्या मुरमावर पाय सरकतो. उड्यांसाठी सपाट, किंचित ओलसर जागा निवडा आणि खडे वेचून घ्या.

उतरताना "कट्" आवाज आला, काही तासांत गुडघा सुजला किंवा चालताना तो दगा देऊ लागला, तर त्याच दिवशी खेळ बंद. मालीश नको, ओढून बसवणं नको. बर्फ कापडात गुंडाळून १५-२० मिनिटं लावा, पाय उंच ठेवा आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.