पावसाळ्यात पंचगंगा आणि कृष्णेच्या पाण्यावर लक्ष कसं ठेवायचं

जुलै लागला की व्हॉट्सॲपवर आकडे फिरायला लागतात, राजाराम बंधारा इतके फूट, आयर्विन पूल इतके फूट, आणि लोक तो एक आकडा बघून एकतर घाबरतात नाहीतर निवांत झोपतात. नुसत्या आकड्यावरून फार काही कळत नाही, तो किती वाजताचा आहे, आधी किती होता आणि वरून काय येतंय हे पण बघायला लागतं.

कोल्हापुरात पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर बघतात, इशारा ३९ फूट, धोका ४३. सांगलीत कृष्णेची आयर्विन पुलावर, तिथं इशारा ४० आणि धोका ४५. दोन्हीकडच्या फुटांचा एकमेकांशी संबंध नाही, त्यामुळे कोल्हापुरात एवढं म्हणजे सांगलीत पण तेवढंच असलं गणित करू नका. केंद्रीय जल आयोगाच्या फ्लडवॉच इंडिया ॲपवर तर पातळी मीटरमध्ये असते, समुद्रसपाटीपासूनची, ती बघून दचकू नका.

आता मुख्य काम म्हणजे चढाचा वेग काढणं. प्रत्येक आकड्यापुढं वेळ लिहा, कारण सकाळी ७ चा मेसेज दुपारी ४ ला फॉरवर्ड होऊन येतो आणि वर "आत्ताची पातळी" लिहिलेलं असतं (पाठवणाऱ्याचं काय जातंय). समजा पाणी ३६ फुटांवर आहे आणि तासाला २ इंच चढतंय, तर ३९ ला जायला साधारण १८ तास. पण हे गणित सरळ चालत नाही, नदी पात्रात असते तोवर पाणी भराभर चढतं, एकदा बाहेर पडून शेतात पसरायला लागलं की तेवढंच पाणी येऊनही चढ इंचाइंचानं होतो, म्हणून वेग मंदावला की पूर ओसरला असं धरू नका.

गावात ऊन पडलं तरी नदी चढते कारण पाणी घाटमाथ्यावरनं येतं. पंचगंगेसाठी गगनबावडा आणि राधानगरीकडचा पाऊस बघा, कृष्णेसाठी कोयनानगर, नवजा, महाबळेश्वर. मग धरणं. राधानगरीला ७ स्वयंचलित दरवाजे आहेत, धरण भरलं की आपोआप उघडतात, एकातनं १४२८ क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट पाणी), म्हणजे ४ उघडले तर ५७१२, शिवाय वीजगृहातनं सुटतं ते वेगळं. कोयना १०५.२५ टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट), तिथले दरवाजे ठरवून उघडतात, त्यामुळे विसर्गाची सूचना येते तेव्हा त्यातली वेळ नीट वाचा. १० हजार क्युसेक २४ तास सोडलं तर ०.८६ टीएमसी होतं, हे एकदा डोक्यात बसलं की धरणात जागा किती उरलीय आणि आवक किती यावरनं दरवाजे कधी उघडतील याचा अंदाज आपला आपण लागतो. विसर्ग वाढल्यावर आपल्या घाटावर चढ दिसायला किती तास लागले ते दर वेळी वहीत टिपा, प्रत्येक गावाचं वेगळं असतं.

खालची बाजू मात्र लोक विसरतात. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते, आणि कृष्णाच तुडुंब असेल तर पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, फूग येते म्हणजे पाणी मागं तुंबतं, वरचा विसर्ग कमी होऊनही पातळी हलत नाही. संगमाजवळच्या शिरोळकडच्यांनी तर राजाराम बंधाऱ्यापेक्षा कृष्णेकडंच जास्त बघावं. अलमट्टीचा, म्हणजे खाली कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या धरणाचा विषय काढला की भांडणं लागतात, ते असू दे, पण तिथली आवक आणि विसर्ग दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघत जा.

सगळ्यात उपयोगाची गोष्ट म्हणजे आपल्या गल्लीचा हिशोब. ऑगस्ट २०१९ ला कोल्हापुरात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, सांगलीत ५७ च्या वर. तेव्हा कितीला रस्ता बंद झाला, कितीला उंबऱ्याला पाणी लागलं हे जुन्या माणसांना विचारून भिंतीवर खुणा करा, मग इशारा-धोका यापेक्षा तुमचाच आकडा कामाला येतो, आणि त्याच्या ३-४ फूट आधी सामान वर, जनावरं बाहेर.

उतरताना पण घाई नको. लागोपाठ काही रीडिंग कमी आली आणि वरचा विसर्गही घटलेला असला तरच सामान खाली आणा, आणि बंधाऱ्यावरनं पाणी वाहत असेल तर ते वीतभर दिसलं तरी गाडी घालू नका, खालचा भराव वाहून गेलेला वरनं दिसत नाही.