अपघातातील जखमी रुग्णालयात पोहोचेपर्यंत: या चुका टाळा

रुग्णवाहिका किती मिनिटांत पोहोचली, हा आकडा सेवा चालवणारे लगेच सांगतात. पोहोचल्यावर जखमीसाठी नेमकं काय केलं, असं विचारलं की फाईल शोधावी लागते. वेळेला महत्त्व आहेच. पण आठव्या मिनिटाला पोहोचून पुढची पंचवीस मिनिटं सलाईनसाठी शीर शोधण्यात गेली, तर त्या आठ मिनिटांचं कौतुक कशाला? पुढच्या बहुतेक चुका माहिती नसते म्हणून होत नाहीत, क्रम चुकतो म्हणून होतात.

रक्त थांबवताना

हातापायातून रक्त उसळत असेल तर टुर्निकेट (जखमेच्या वर आवळायचा पट्टा) आधी, बाकी सगळं नंतर. पेशंट ओरडतो म्हणून पट्टा सैल ठेवणं ही इथली नेहमीची चूक. सैल पट्ट्याखाली शिरा दबतात, धमनी मात्र चालूच राहते. रक्त येत राहतं, परत जायला वाट नसते आणि जखम जास्तच वाहते. नीट बसलेला टुर्निकेट दुखतोच. रक्त थांबलं आणि खालची नाडी लागेनाशी झाली, तरच तो बसला असं समजा. नाहीतर आणखी आवळा, तेवढ्यानं भागलं नाही तर शेजारीच दुसरा लावा. सांध्यावर बांधू नका. बांधल्याची वेळ लिहा. जांघेत किंवा काखेत टुर्निकेट बसत नाही. तिथे जखमेत गॉझ ठासून भरायचं आणि दाबून धरायचं. दर मिनिटाला गॉझ उचलून पाहिलं तर धरू लागलेली गुठळी निघते.

पेल्विक बाइंडर, म्हणजे ओटीपोटाची मोडलेली हाडं आवळून धरणारा पट्टा, कमरेला बांधलेला अनेकदा दिसतो. त्याची जागा खाली आहे: मांडीच्या हाडाचा वरचा उंचवटा बाहेरून हाताला लागतो, तिथे.

मग सलाईन. बीपी कमी दिसलं की बाटल्या सोडायच्या, ही सवय सुटता सुटत नाही. भरपूर सलाईननं रक्त पातळ होतं, गोठायची क्षमता घटते, शरीर गार पडतं आणि दाब वाढून बसलेली गुठळी सुटू शकते. छाती-पोटात भोसकल्याच्या किंवा गोळीच्या जखमा असलेल्यांवर ह्यूस्टनमध्ये झालेला अभ्यास 1994 मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेपर्यंत सलाईन रोखून धरलेल्या गटात जास्त जण वाचले. डोक्याला मार नसेल तर वरचं बीपी 80 ते 90 पुरतं. शीर शोधायचीच असेल तर गाडी निघाल्यावर शोधा. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड (गुठळी टिकवून रक्तस्राव कमी करणारं औषध) देण्याची परवानगी असेल तर लवकर द्या: 2010 च्या क्रॅश-2 चाचणीत वीस हजारांहून जास्त जखमी होते, आणि तीन तासांनंतर दिलेल्या औषधानं रक्तस्रावाचे मृत्यू वाढलेले आढळले.

डोक्याला मार असेल तर हिशोब उलटा

मेंदूला दुखापत असताना कमी बीपी चालवून घेता येत नाही. मोठ्या माणसात वरचं बीपी 110 च्या खाली जाऊ देऊ नका, ऑक्सिजन 90 टक्क्यांच्या खाली तर अजिबात नको.

घाईत हमखास होणारी चूक म्हणजे श्वास देण्याची बॅग भराभर दाबणं. कार्बन डायऑक्साइड उतरला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणजे आधीच उपाशी असलेल्या मेंदूचा पुरवठा आपणच तोडतो. मोठ्यांना मिनिटाला साधारण 10 श्वास पुरे. कॅपनोग्राफ (श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र) असेल तर आकडा 35 ते 40 वर ठेवा. ऑक्सिजनचा आकडा अचानक पडला तर आधी नळी जागेवर आहे का, मास्कमधून हवा गळते का, छातीच्या एका बाजूला हवा साठली आहे का, ते पाहा. बोटं गार असली की बोटाला लावलेला ऑक्सिजनचा प्रोबही फसवतो, पण त्याला दोष देण्याची पाळी शेवटची.

दारूचा वास आला म्हणून गुंगीचा दोष दारूला देऊ नका. साखर तपासा, ग्लासगो कोमा स्केल (शुद्धीची पातळी सांगणारा स्कोअर) पुन्हा मोजा. एकदाच मोजलेल्या स्कोअरवरून पेशंट घसरतोय की सुधारतोय, हे कळत नाही.

65 च्या पुढच्या माणसाचं बीपी 105 असेल तर "नॉर्मल आहे" म्हणू नका. हृदयाचे ठोके कमी ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर नाडीही फारशी वाढत नाही. आणि जखमा पाहायला कपडे कापले असतील तर पाहून झाल्यावर पांघरूण घाला. हे विसरायला फार अनुभव लागत नाही.

कागदावरची चूक

फॉर्मवर प्रत्येकाचा श्वसनदर 20 दिसला, तर तो कुणी मोजलेलाच नाही. अशा नोंदींवरून गुणवत्ता ठरवणं व्यर्थ आहे. त्याहून फसवी गोष्ट पुढे होते: सर्वांत गंभीर पेशंटच्या वेळी हात रिकामा नसतो, फॉर्म अर्धा राहतो आणि गुणवत्तेच्या तपासणीत "अपुरी माहिती" म्हणून तीच प्रकरणं वगळली जातात. वाटेत दगावलेलेही गळतात. उरलेल्यांवर काढलेली टक्केवारी छानच येणार. अर्धे फॉर्म बाजूला टाकू नका, ते आधी वाचा.

रुग्णालयात सोपवताना वय, घटना कधी आणि कशी, जखमा, नाडी-बीपी-श्वास, दिलेले उपचार, या क्रमानं मिनिटभरात सांगा. पेशंट हलवायच्या आधी, सगळे ऐकत असताना. पुढे निदान काय निघालं, ते रुग्णालयाकडून मागवून त्याच टीमला कळवा.

वेळा जुळत नसतील, गाडी घटनास्थळाकडे निघण्याआधीच टुर्निकेट लागल्याचं दिसत असेल, तर कर्मचाऱ्यांना बोलावण्याआधी घड्याळं पाहा. कंट्रोल रूम, मॉनिटर आणि मनगट, तिन्हींवर वेगळी वेळ सापडते. ती पाळी सुरू होतानाच जुळवून घ्या.