लांब सफरीसाठी जुनी शिडाची बोट: तुलना करताना या चुका टाळा

जुन्या बोटी बघताना बहुतेक जण जाहिरातीतलं सामान मोजत बसतात: चार्टप्लॉटर (सागरी नकाशा दाखवणारा पडदा), सोलर पॅनल, वॉटरमेकर (खारं पाणी गोडं करणारं यंत्र). १० वर्षं जुन्या इलेक्ट्रॉनिक्सची किंमत शून्यच धरा. तुलना करायची ती हल (बोटीचं मुख्य अंग), डेक, कील (तळाखालचा जड पंखा), सुकाणू आणि रिगिंग (डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा) यांची. आकडाही नुसत्या मागितलेल्या किमतीचा धरू नका. ती बोट समुद्रात न्यायच्या लायकीची करायला येणारा खर्च त्यात मिळवा आणि मग दोन बेरजा शेजारी ठेवा.

सगळ्यात महागात पडतं ते डेककडे झालेलं दुर्लक्ष. अनेक फायबरग्लास बोटींच्या डेकच्या पोटात बाल्सा लाकडाचा थर असतो. स्टँशन (कठड्याचे खांब), क्लीट (दोर बांधायचे खुंट), विंच (दोर ओढायचे रहाट) यांच्या बोल्टभोवतीचं सीलंट सुटलं की पाणी आत मुरतं आणि लाकूड कुजतं. वरून रंग मात्र झकास दिसतो. प्लॅस्टिकची छोटी हातोडी घ्या आणि दर ५ सेंटिमीटरवर ठोकत जा. आवाज खणखणीत आला तर ठीक. बद्द वाजलं तिथे खडूने खूण करा. खुणा बोल्टभोवती तळहाताएवढ्याच असतील तर दुरुस्ती आवाक्यात आहे. त्या एकमेकींना भिडल्या असतील तर ती बोट सोडून द्या, कितीही स्वस्त असली तरी. स्क्रूने बसवलेलं सागवानी डेक असेल तर आणखी कसून ठोका, कारण तिथला प्रत्येक स्क्रू म्हणजे पाण्याला मोकळी वाट.

रिगिंग चमकतं म्हणून ते चांगलं, असं समजू नका. स्टेनलेसच्या तारा साधारण १० ते १५ वर्षांनी बदलतात. बदलल्याची पावती मागा. चेनप्लेट, म्हणजे तारांचं खालचं टोक अडकवायची धातूची पट्टी, डेकमधून खाली उतरते तिथे हवा लागत नाही, ओल मात्र टिकते, आणि अशा जागी स्टेनलेसलाही गंज लागून चिरा पडतात. आतल्या लाकडावर तपकिरी ओघळ दिसले तर प्लेट काढून दाखवायला सांगा.

कील बोल्टने जोडलेली असेल तर पुढच्या टोकाशी सांध्यात फट आहे का ते पाहा. मग बिल्जमध्ये (हलच्या आतल्या तळाशी) उतरून कीलच्या मागच्या टोकाच्या वरच्या चौकटीवर टॉर्च मारा. बोट तळाला आपटली असेल तर तडे तिथे सापडतात. २०१४ मध्ये ‘चीकी रफीकी’ या शिडाच्या बोटीची कील अटलांटिकमध्ये निखळली आणि चौघांचा जीव गेला. आधीच्या आपटण्यांनी आणि त्यानंतरच्या दुरुस्त्यांनी रचना कमकुवत झाली असावी, असं चौकशीत म्हटलं होतं.

बोट उलटण्याचा धोका सांगणारा ‘कॅप्साइझ स्क्रीनिंग’ आकडा २ च्या खाली असला की लोक निर्धास्त होतात. तो फक्त रुंदी आणि वजनावरून काढतात, गुरुत्वमध्य किती उंच आहे ते त्यात येतच नाही. डोलकाठीत गुंडाळणारं शीड आणि वर चढवलेला रडार यांनी बोट डोक्याकडे जड होते, आकडा मात्र तोच राहतो.

इंजिन बघायला जाल तेव्हा ते थंडच ठेवायला सांगा आणि आधी ब्लॉकला हात लावून खात्री करा; सुरू व्हायला ते कुरकुरतं का, हे थंड असतानाच कळतं. सेलड्राइव्ह (इंजिनपासून हलच्या तळातून खाली उतरणारा प्रॉपेलरचा पाय) असेल तर तिथलं पाणी अडवणारा रबरी डायफ्रॅम शेवटचा कधी बदलला ते विचारा. इंजिन बनवणारी व्होल्वो पेंटा कंपनी तो दर ७ वर्षांनी बदलायला सांगते. कागद नसेल तर तो खर्चही बेरजेत धरा.