मधुमेहात मूत्रपिंड जपताना: हळद, आगळ आणि बिलिंबी

हळदीतील कर्क्युमिन आणि जांभळातील अँथोसायनिन ही द्रव्ये मधुमेहामुळे मूत्रपिंडात होणारा दाह रोखू शकतील, असे प्रामुख्याने उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे. म्हणून औषधे चालू ठेवून हळद फोडणीपुरतीच वापरावी, कारण तिच्या जास्त मात्रेच्या गोळ्यांनी लघवीतील ऑक्सलेट (मूत्रपिंडात खडे करू शकणारे द्रव्य) वाढते. सोलकढीसाठी आगळ (कोकमाचा खारवलेला रस) घेताना बाटलीच्या तळाशी साचलेले मीठ पाहावे आणि आगळाऐवजी मीठ न लावलेली आमसुले भिजवावीत. परसातील बिलिंबी (एक आंबट फळ) बांगड्याच्या तिखल्यात (तिखट कालवणात) एखाद-दुसरी चालेल, पण साखर उतरावी म्हणून तिचा कच्चा रस पिऊ नये, कारण त्यातील ऑक्सलेटने मूत्रपिंड अचानक निकामी होऊ शकते. वर्षातून एकदा लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण (लघवीतून प्रथिन गळते का, हे त्यावरून कळते) तपासावे. ते 30 मिग्रॅ/ग्रॅम किंवा अधिक आल्यास डॉक्टरांना दाखवावे.