केमोच्या दोन सलाइनमधले दिवस घरी कसे सांभाळायचे

सलाइन एका दिवसात संपतं. पुढचे वीस दिवस घरच्यांना सांभाळायचे असतात, आणि त्याबद्दल सांगणारं फारसं कोणी भेटत नाही. आम्ही गणपतीपुळ्याजवळचे. आमच्या ह्यांना आतड्याचा कॅन्सर, उपचार परळला टाटामध्ये. औषधं ऑक्सॅलिप्लॅटिनचं सलाइन आणि कॅपेसिटाबिनच्या गोळ्या. तुमची औषधं वेगळी असतील तर त्रासही वेगळे असतील; तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या.

सगळ्यात आधी कालनिर्णयवर खुणा करा. सलाइनचा दिवस, १४ दिवस गोळ्या, मग ७ दिवस सुट्टी. गोळी सकाळ-संध्याकाळ, जेवल्यावर अर्ध्या तासाच्या आत. दिली की लगेच बरोबरची खूण करायची, नाहीतर ‘दिली होती ना?’ यावरून घरात वाद होतात.

सलाइननंतरचे काही दिवस थंड अजिबात नको. गार तांब्याला हात लावला तरी बोटांत झिणझिण्या येतात, गार पाण्याने घसा आवळल्यासारखा होतो. फ्रिज दुसऱ्याने उघडावा. प्यायला कोमट पाणी, पहाटे खळ्यात जायचं तर कानाला मफलर, गाडीच्या एसीत शाल. सोलकढी दिलीच तर फ्रिजमधली नको.

गोळ्यांचा त्रास तळहात-तळपायांना होतो, आणि तिथे फार गरम पाणीही सोसत नाही. कातडी लाल होते, सोलते. डॉक्टरांनी दिलेलं मलम दिवसातून दोन-तीनदा लावा, सुती मोजे, मऊ चपला. जांभ्याच्या पायऱ्यांवर अनवाणी नको, कोयता तर हातात नकोच. बागायतदार माणसाला हे सांगणं फार जड जातं, पण सांगायलाच हवं. फोड आले, चालताना दुखायला लागलं तर सोसत बसू नका, डॉक्टरांना कळवा. गोळ्या थांबवायच्या की कमी करायच्या ते त्यांना ठरवू द्या.

जेवणाचं म्हणाल तर ताट बघूनच ह्यांना मळमळायचं. म्हणून वाटी. दर दोन तासांनी थोडी पेज, कधी मेतकूट-मऊभात, कधी बिनतिखटाची कुळथाची पिठी. ‘जेवता का?’ विचारलं की उत्तर ‘नको’च येतं, न विचारता समोर ठेवा. मासे तळायचा वास सोसत नसेल तर मागच्या चुलीवर करा. मासे, कालवं, अंडी पूर्ण शिजलेलीच. विहिरीचं पाणी उकळून. उलटीची गोळी मळमळ सुरू व्हायची वाट न बघता सांगितलेल्या वेळेला द्या.

जुलाब लागले तर ओआरएस सुरू करा आणि किती वेळा झाले ते मोजा. नेहमीपेक्षा चार वेळा जास्त झाले, किंवा रात्री उठावं लागलं, तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन.

ताप मात्र सगळ्यात महत्त्वाचा. थर्मामीटर १००.४ दाखवतोय म्हणजे रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं. पांढऱ्या पेशी कमी असताना साधा संसर्गही जिवावर बेततो. आपल्या मनाने पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नका. वाडीतल्या गाडीवाल्याला आधीच सांगून ठेवा, जवळच्या मोठ्या दवाखान्याचा नंबर भिंतीवर लावा. पावसाळ्यात वीज जाते, म्हणून मोबाइल आणि बॅटरी चार्ज केलेली हवी, आणि फाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत.

रेल्वेची सवलत सोडू नका. रुग्णालयाकडून ठरलेल्या नमुन्यातला दाखला घेतला की उपचाराच्या प्रवासाला स्लीपर आणि थ्री-टियर एसीत रुग्णाचं भाडं पूर्ण माफ होतं, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सूट मिळते. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. गणपतीच्या आसपासची तारीख असेल तर त्याच दिवशी सकाळी खिडकीवर कोणीतरी हवं.

बघायला येणारे येतातच. सर्दी-खोकला असलेल्याला पडवीतूनच परत पाठवा, वाईट वाटू देत. कोणी काढा किंवा चूर्ण आणलं तर पुडी ठेवून घ्या, डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देऊ नका. आणि ‘काही लागलं तर सांगा’ म्हणणाऱ्याला तिथल्या तिथे काम सांगा: कलमांना पाणी, वीजबिल, तिकिटाची रांग, किंवा दुपारी तासभर ह्यांच्याजवळ बसणं, म्हणजे तुम्हाला झोपता येईल.