लहानग्यांसाठी घरच्या घरी फुग्यांची खेळणी

दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या हातात साबणाच्या फुग्यांची बाटली दिली की काडी हमखास तोंडात जाते. या वयात नेमकी फुंकर मारणं जमत नाही. मूल श्वास आत ओढतं आणि साबणाचं पाणी घशात जातं. म्हणून एवढ्या लहान मुलांसाठी खेळणं असं करावं की फुंकावं लागू नये, नुसता हात हलवला तरी फुगे निघावेत.

आधी पाणी

हे आदल्या रात्रीच करून ठेवा, मुरलेल्या पाण्याचे फुगे जास्त टिकतात. दोन कप कोमट पाण्यात दोन मोठे चमचे साखर विरघळवा. गार झालं की भांडी घासायचं लिक्विड चार मोठे चमचे घाला आणि हलक्या हाताने ढवळा. घुसळू नका, फेस झाला की फुगे नीट निघत नाहीत. साखरेऐवजी औषधाच्या दुकानातलं ग्लिसरीन एक मोठा चमचा घातलं तरी चालतं, आणि हात कमी चिकट होतात.

फुगा म्हणजे साबणाच्या दोन थरांमध्ये अडकलेला पाण्याचा पातळ पापुद्रा. त्यातलं पाणी उडून गेलं की तो फुटतो. साखर आणि ग्लिसरीन पाणी धरून ठेवतात, एवढंच त्यांचं काम. तुमच्याकडे बोअरचं जड पाणी असेल तर पिण्याचं फिल्टरचं पाणी घ्या, कारण जड पाण्यातले क्षार साबणाचा जोर कमी करतात. कपडे धुण्याची पावडर मात्र अजिबात नको, ती मुलांच्या त्वचेला आणि डोळ्यांना फार झोंबते.

बांगडीचं खेळणं

माझ्या मते या वयाला यासारखं दुसरं खेळणं नाही. मोठ्या माणसाच्या मापाची प्लास्टिकची बांगडी घ्या, काचेची नको. तिच्याभोवती लोकरीचा धागा जवळजवळ गुंडाळा आणि शेवटची गाठ पक्की मारा. लोकर पाणी शोषून घेते, त्यामुळे एकदा बुडवलं की मोठा फुगा निघतो. दांडी लावायची गरज नाही, बांगडी मुलाच्या मुठीत छान बसते आणि डोळ्यात काही टोचायची भीती राहत नाही.

परातीत बोटाच्या एका पेराएवढं पाणी ओता, बांगडी आडवी बुडवा, उचला आणि हवेतून सावकाश फिरवा. घाई केली तर पापुद्रा फाटतो. मधेच बांगडी उभी धरून मुलाला दाखवा: गुलाबी, हिरवे, पिवळे पट्टे हळूहळू खाली सरकतात, वरचा भाग पातळ होत होत काळपट दिसू लागतो आणि मग पापुद्रा फुटतो. मुलं हे पुन्हा पुन्हा बघायला मागतात.

एकदम खूप बारीक फुगे हवे असतील तर बुंदीचा झारा बुडवून फिरवा. तो मोठ्यांनी धरावा, फुगे पकडायचं काम मुलाचं.

फेसाचा साप

अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीचा तळ कापा आणि कडेला चिकटपट्टी लावा. कापलेल्या बाजूवर जुना सुती मोजा ताणून बसवा आणि तोही चिकटपट्टीनेच बांधा. रबरबँड निसटून मुलाच्या तोंडात जाऊ शकतो. मोजा पाण्यात बुडवून बाटलीच्या तोंडातून फुंकलं की लांबच लांब फेस बाहेर येतो. फुंकायचं मात्र आई-बाबांनी किंवा ताई-दादानेच, आणि श्वास घेताना बाटली तोंडापासून दूर करून.

गावाकडे मोगली एरंडाच्या चिकाचे फुगे काढतात. लहान मुलांना ते देऊ नका, त्या झाडाच्या बिया आणि चीक दोन्ही विषारी असतात.

खेळताना

भर दुपारच्या उन्हात फुगे टिकत नाहीत. सकाळ किंवा संध्याकाळ बरी, आणि पावसाळ्यातल्या उघडिपीच्या दमट हवेत तर फारच छान. फरशीवर साबणाचं पाणी सांडलं की पाय घसरतोच, तेव्हा अंगणात किंवा हिरवळीवर खेळा. गच्चीतच खेळायचं असेल तर खाली जुनी सतरंजी अंथरा. डोळ्यात गेलं तर चोळू न देता स्वच्छ पाण्याने धुवा. परात भरलेली असेपर्यंत मुलाजवळून उठू नका.

खेळ संपला की उरलेलं पाणी ओतून द्या, साखरेमुळे मुंग्या लागतात. बांगडी साध्या पाण्यात खळबळून दोरीवर वाळत घाला. लोकर सुटायला लागली की नवी गुंडाळा.