स्टाफसाठी कोर्स बनवताय? मग या चुका टाळा

पुण्यात सामाजिक संस्थांना तोटा नाही, आणि आपल्या काळजीवाहक, समुपदेशक, वस्तीत फिरणाऱ्या ताया यांच्यासाठी कोर्स काढायची हौस पण दांडगी. पण बऱ्याचदा होतं काय, की आधी सिलॅबस लिहायला बसतात, एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या मास्टर्स डिग्रीच्या) जुन्या नोट्स काढल्या, दहा चॅप्टर पाडले, झाला कोर्स. आता बालगृहातल्या काळजीवाहक ताईंना केसवर्कची (एकेका माणसासोबत करायच्या समाजकार्याची) व्याख्या पाठ झाली तरी रात्री दोनला नवीन आलेलं पोर रडून घर डोक्यावर घेतं तेव्हा काय करायचं, ते यात कुठंय? म्हणून लिहायच्या आधी एक अख्खी शिफ्ट (शक्यतो रात्रीची) तिथं बसा, त्या काय काय करतात, अधीक्षकांना कधी फोन लावतात, रजिस्टरमध्ये काय लिहायचं राहतं ते टिपा, आणि युनिट त्यातूनच काढा.

लेव्हलचा घोळ तर ठरलेलाच. एनएसक्यूएफ, म्हणजे कौशल्याच्या कोर्सना लेव्हल देणारी देशाची चौकट, २०१३ पासून आहे, तरी लोक लेव्हल अशी लावतात की वरची लावली की कोर्स भारी! लेव्हल ठरते ती कामाला किती ज्ञान-कौशल्य लागतं आणि माणूस स्वतःच्या जबाबदारीवर किती निर्णय घेतो यावरून. आणि क्रेडिट मोजताना नुसते वर्गाचे तास धरू नका, ३० तासांना १ क्रेडिट, त्यात प्रॅक्टिकल, कामावरचं शिकणं, असेसमेंट सगळं येतं. सर्टिफिकेटवर ‘सरकारमान्य’ छापायची घाई तर अजिबात नको, एनसीव्हीईटीची (कौशल्य शिक्षणावर देखरेख करणाऱ्या केंद्राच्या परिषदेची) मान्यता असलेल्या अवॉर्डिंग बॉडीकडून, म्हणजे सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेकडून, झालं नसेल तर तो तुमचा इन-हाउस कोर्स, आणि तसं लिहिण्यात लाज कसली.

सगळ्यात जास्त माती होते ती असेसमेंटमध्ये. पॉक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या) कलम १९ वर एमसीक्यू टाकला की सगळे पास, कारण पोलिसांना कळवायचं हे सगळ्यांना माहितीये. प्रत्यक्षात मूल काही सांगतं तेव्हा ताई त्याला पुन्हा पुन्हा खोदून विचारतात का, आधी संस्थेत मीटिंग होऊ दे म्हणून थांबतात का, हे कागदावर कसं दिसणार? रोल प्ले घ्या, आणि शिकवणाऱ्यालाच एकट्याला मार्क द्यायला बसवू नका.

काम येतं याचा पुरावा म्हणून खऱ्या केस फाइलचे फोटो असेसमेंटच्या फोल्डरला लावणं हा तर सरळ गुन्हा ठरू शकतो, बाल न्याय कायद्याचं कलम ७४ मुलाची ओळख उघड करायला मनाई करतं. नाव-पत्ता-शाळा काढलेली नोंद आणि सुपरवायझरनं स्वतः पाहून केलेली सही पुरते, मुलांचे फोटो तर नकोच.

पंधरा वर्षं काम केलेल्या बाईंना पहिल्या चॅप्टरपासून बसवलं तर त्या का येतील? त्यांच्यासाठी आरपीएल, म्हणजे आधीच येत असलेलं तपासून मान्य करायची सोय, आहे, पण म्हणजे अनुभवाचं पत्र आणलं की सर्टिफिकेट हातात असंही नाही, आधी तपासा, जिथं कमी पडतं तेवढंच शिकवा.

अर्ध्यात बॅच रिकामी होत असेल तर आधी ड्युटी चार्ट बघा. नाइट करून हडपसरहून सकाळी दहाला कोथरूडला कोण येणार, आणि इकडे तिच्या जागी ड्युटीला कोण? बदली माणूस मिळत नसेल तर शिफ्ट बदलतानाचा अर्धा तास धरा, तिथंच शिकवा, मराठीतून, आणि तो अर्धा तास पगारात मोजा.